मावा पाहायला येणारा माणूस

माझं लग्न गुलाबावरच्या किडीमुळे जमलं, असं मी सांगितलं की नातसुनांना वाटतं म्हातारी थट्टा करते. पण त्यात थट्टा काहीच नाही. किडीमुळे आणि आभाळामुळे. दोन्ही नसती तर वडील मला तापीपलीकडच्या एका घरी देणार होते. तो मुलगा मी एकदाच पाहिला होता, आणि तेवढ्या वेळात त्याने सहा जांभया दिल्या होत्या.

गोष्ट स्वातंत्र्याच्या बरीच आधीची. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. गाव तळोद्याच्या खाली, काळ्या रानात. वडिलांची शेती दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, हरभरा आणि मिरचीची. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घर फुईच्या हाती होतं. फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतलेली, पण तिच्या हसण्याचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जाईल अशी.

घरामागच्या विहिरीजवळ, मोटेचं पाणी पाटातून जायचं त्याच्या काठाने फुईने गावठी गुलाब लावले होते. फिकट गुलाबी, सकाळी उमलून दुपारी पाकळ्या गाळणारे. त्या पाकळ्या आणि साखर बरणीत भरून ती उन्हात ठेवायची, आणि उन्हाळाभर साऱ्या गावाला गुलकंद वाटायची. गुलाबांवर तिचा जीव होता. माझ्यावरही होता, पण गुलाबांना ती कधी रागावत नसे.

त्या वर्षी मार्गशीर्ष सरता सरता आभाळ आलं आणि जाईना. पाऊस नाही, वारा नाही, कडाक्याची थंडीही नाही. नुसतं ओलसर, कोंदट, राखाडी. सातपुडा दिसेनासा झाला. चार-पाच दिवस असे गेले आणि एका सकाळी फुई पाटावरून ओरडली, "वं माय! मन्हा गुलाबवर बाजरी कोणी पेरी दिधी?"

मी धावत गेले. खरंच, प्रत्येक कोवळा शेंडा, प्रत्येक कळीची मान हिरव्या दाण्यांनी गच्च भरली होती. दाणे हलत होते. खालची पानं साखरेचा पाक ओतल्यासारखी चिकट झाली होती आणि त्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. मावा! कणीस अजून पोटरीत असलेल्या दादरवरही तोच पडला होता. वडील शेतातून आले ते कपाळाला हात लावूनच. आभाळ आलं की मावा येतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण आला की काय करायचं, ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. वडिलांनी तळोद्याला निरोप धाडला. तिथे शेतकी खात्याचा एक नवा तरुण माणूस येऊन राहिल्याचं त्यांच्या कानावर होतं.

तो सायकलवर आला. डोक्यावर सोला टोपी, पायजम्याला चिमटे, आणि तोंडावर इतकी धूळ की वय कळेना. वडिलांनी त्याला सगळं शेत फिरवून दाखवलं आणि मग चहाला घरी आणलं. हात धुवायला तो विहिरीवर गेला आणि तिथे त्याला गुलाब दिसले. ओले हात तसेच पुढे धरून तो झाडापाशी गेला, वाकला आणि म्हणाला, "वा! वा! काय सुंदर!"

फुई खूश झाली. "अजून फुलावानं बाकी शे," ती म्हणाली. "माघमा दखा तुम्ही."

"फुलं नाही," तो म्हणाला, "मावा."

फुईचं तोंड उघडंच राहिलं. मी दाराआड उभी होते. मला इतकं हसू आलं की ओढणीचा बोळा तोंडात कोंबावा लागला.

चहा घेताना त्याने वडिलांना नीट समजावून सांगितलं. पुण्याकडचं शुद्ध मराठी बोलायचा, पुस्तकातल्यासारखं. अशी ढगाळ, ओलसर, सुखाची हवा माव्याला मानवते, त्यात तो भराभरा वाढतो. थंडी कडक पडली की सुस्तावतो. जोराचा पाऊस झाला की धुऊन जातो. आणि फाल्गुनातला कोरडा गरम वारा सुटला की संपतो. हे सगळं आपण वाचलेलं आहे, तो म्हणाला, पण या भागातल्या हवेत ते कसकसं घडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. शेतातलं ज्वारीचं एकच ताट रोज ओळखू येत नाही. गुलाबाचं झाड मात्र जागचं हलत नाही. तर यातलं एक झाड आपण औषध न मारता तसंच ठेवाल का? मी दिवसाआड येऊन पाहून जाईन.

फुईने डोळे बारीक केले. "सरकारले मावा लागस का?"

"लागतो," तो गंभीरपणे म्हणाला.

वडिलांनी तिथल्या तिथे होकार दिला. संध्याकाळी पारावर बसून त्यांनी गावाला सांगितलं की आपल्या गुलाबावर सरकारची नजर आहे. गावाने त्या माणसाचं नाव ठेवलं मावासाहेब. पुढे सगळ्या टापूत तो याच नावाने ओळखला गेला. खरं नाव मलासुद्धा लग्नपत्रिका छापली तेव्हा कळलं.

बाकीच्या झाडांवर फुईने तंबाखूचा काढा शिंपडला. परसात चूल मांडून भलं मोठं पातेलं उकळलं, वर वाकून ढवळलं, आणि त्या वाफेने तिलाच असा झटका आला की ती पाटात पाय सोडून बसली आणि कारण नसताना हसत सुटली. मांजर शिंकत शिंकत कौलांवर चढलं. मी कडुलिंबाच्या डहाळीने काढा शिंपडत होते, मलाही गरगरायला लागलं. वडील शेतातून आले तेव्हा आम्ही दोघी चिखलात बसून एकमेकींकडे बोट दाखवत होतो. कोपऱ्यातल्या एका झाडाला मात्र थेंबसुद्धा लागू दिला नव्हता. त्यावर मावा सुखाने नांदत होता.

मावासाहेब दिवसाआड यायचा. आधी टोपी काढायचा, मग खिशातून भिंग काढायचा, आणि मग त्याला जगाचं भान उरत नसे. फुई बाजेवर तांदूळ निवडत बसायची, मी तिच्यामागे. एके दिवशी त्याने भिंग फुईच्या हातात दिलं. फुईने डोळा लावला आणि किंचाळली, "अरे देवा, शिंगं शेत यास्ले! आनि तेबी मांगे!"

मग भिंग माझ्याकडे आलं. त्याने ते मला दिलं नाही, फुईला दिलं आणि फुईने मला दिलं, पण दांडी अजून त्याच्या हाताने गरम होती. मी पाहिलं. बाजरीचा दाणा एकदम म्हशीएवढा झाला. हिरवा, काचेसारखा आरपार, बारीक पायांवर उभा, सोंड देठात खुपसून आरामात रस पीत होता. मागच्या बाजूला खरोखरच दोन इवली शिंगं. एक मुंगी येऊन मिशांनी त्याला गोंजारत होती, आणि त्याने गोड पाण्याचा थेंब सोडला की तो चाटून पुढे जात होती. मला भिंग सोडवेना.

एवढ्यात तो माझ्या शेजारी वाकला आणि एकदम ओरडला, "दखा, दखा! तिले पोरगं व्हई ऱ्हायनं!"

त्याचे कान लाल झाले. पुण्याची भाषा पार कुठल्या कुठे उडाली होती. फुईने तांदळाचं सूप खाली ठेवलं. "अरे," ती म्हणाली, "तू तं आपला निंघना!"

मग तिने त्याला सोडलं नाही. गाव कुठलं, आईचं माहेर कुठलं, आजोळ कुठलं. निघाला शहाद्याकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला पुण्याला गेलेला. त्याच्या मावशीचे सासरे आणि आमचे कोणीतरी लांबचे सोयरे एका पंगतीला बसणारे होते. फुईचे डोळे चमकले. मी भिंगातून पाहत राहिले, पण आता मला भिंगात काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यावर फुई थांबेल तर ती फुई कसली. "मी कव्हयनी दखी ऱ्हायनी," ती म्हणाली, "यास्मा नवरा कोन्ता शे?"

मावासाहेबाने टोपी हातात घेतली आणि गोल गोल फिरवायला लागला. "नवरा नसतो," तो खाली पाहून म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हणजे आपल्या हवेत या सगळ्या माद्याच असतात. पिल्लं आपोआप होतात. नवरा लागत नाही."

फुईने थोडा विचार केला. "ना सासू, ना नवरा, बठी बठी गोड प्यावानं," ती म्हणाली. "बरं शे त्यासनं!" आणि ती हसली. मग मी हसले. मग तोही हसला, इतका की सायकलला धरून उभं राहावं लागलं. मोटेवरचा गडी मोट थांबवून विचारायला लागला, काय झालं?

तेव्हापासून मला आभाळाचं वेड लागलं. सकाळी उठलं की आधी बाहेर जायचं आणि वर पाहायचं. ढग असले की माझा दिवस चांगला. मावा वाढणार, मावा वाढला की तो येणार. उघडीप पडली, सातपुडा स्वच्छ दिसायला लागला, की माझं तोंड उतरायचं. आणि घरातले बाकीचे सगळे माझ्या उलट! वडील अंगणात उभे राहून म्हणायचे, "आभाय कव्हय उघडी वं, बहीण?" त्यांच्या दादरचं पान चिकट झालं होतं, त्यावर काळी बुरशी चढत होती. मला त्यांची कीव यायची. मनात म्हणायचे, देवा, शेतावरचं आभाळ जाऊ दे आणि परसावरचं तेवढं राहू दे. शनिवारी वडिलांनी मारुतीपुढे नारळ फोडला, ऊन पडू दे म्हणून. त्यांच्या पाठोपाठ मी पाया पडले आणि नेमकं उलटं मागितलं. मारुतीची काय पंचाईत झाली असेल ते त्यालाच ठाऊक.

त्याने शेवटी दोघांचंही ऐकलं. माघात एका दुपारी अक्कलकुव्याच्या बाजूने काळंभिन्न भरून आलं आणि मावठं कोसळलं. हिवाळ्यात असा पाऊस मी क्वचितच पाहिला होता. थेंब कसले, खडेच. वडील अंगणात भिजत उभे होते आणि दादरकडे बघून हात जोडत होते, कारण त्या पाण्याने मावा धुऊन निघणार होता. मी खिडकीशी उभी होते. गुलाबाचं कोपऱ्यातलं झाड त्या माऱ्याखाली वाकत होतं आणि माझा मावा वाहून चालला होता.

तेवढ्यात त्या पावसात, गुडघाभर चिखलातून, सायकल खांद्यावर घेऊन तो आला. सायकल त्याला आणण्याऐवजी तो सायकलला आणत होता. टोपीच्या कडेने चारी बाजूंनी पागोळ्या लागल्या होत्या.

"पाऊस पडताना पाहायला हवं," तो धापा टाकत म्हणाला. "नंतर काय उपयोग?"

फुईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि घरातली एकुलती एक छत्री माझ्या हातात दिली. "जाय, धर त्यान्हा डोकावर. सरकारनं काम शे."

मी छत्री धरली. वारा असा होता की छत्री मला धरून नेत होती. तो झाडाशी उकिडवा बसला, मी त्याच्यावर वाकून उभी. दोघंही ओलेचिंब. शेंड्यांवर आता काहीच नव्हतं. स्वच्छ, हिरवे, धुतलेले शेंडे. माझ्या तोंडून निघून गेलं, "गेला सगळा."

त्याने वर पाहिलं. मग एक पान हलक्या हाताने उलटं केलं. पानाखाली, शिरेला चिकटून, थोडे हिरवे दाणे बसले होते.

"हे राहिले," तो म्हणाला. "आभाळ असंच राहिलं तर पुन्हा वाढतील."

"वाढतील?" मी विचारलं. माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण तो भिंग विसरून माझ्याकडेच पाहत राहिला. मग छत्री उलटी झाली. आम्ही दोघं ती पकडायला धावलो आणि फुई दारातून टाळ्या वाजवून ओरडायला लागली.

मावा वाढलाच. पावसानंतर पुन्हा ढग राहिले, आणि नव्या कोवळ्या फुटीवर तो दाटला. दादर मात्र तोवर कणसं निसवून जून झाली होती, तिला आता त्याची फारशी भीती नव्हती. वडील खुशीत, मी खुशीत. असे दिवस मला आयुष्यात पुन्हा कमीच मिळाले. मी पाणी आणायला गेले तरी पाय जमिनीला लागत नसत. भाकरीचा उंडा थापताना गाणं म्हणायचे, भाकरी करपायची, आणि फुई ती करपलेली भाकरी कौतुकाने खायची.

पण हवा कोणाची बांधील नसते. फाल्गुन लागला आणि वारा फिरला. कोरडा, पश्चिमेकडून सुटलेला, दुपारी भट्टीच्या तोंडासारखा. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला जाणारी डोंगरातली माणसं मोरपिसं आणि घुंगरं घेऊन आमच्या वाटेने जायला लागली. म्हणजे उन्हाळा आलाच. माव्यातल्या काहींना पंख फुटले आणि ते उडून गेले. उरलेल्यांवर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे तुटून पडले. रोज शेंड्यावरचे दाणे विरळ होत होते. रोज मी ते मोजत होते.

एका सकाळी मी वडिलांचं जुनं धोतर काढलं, चार काठ्या रोवल्या, आणि झाडावर मांडव घातला. सकाळी-दुपारी बुंध्याशी पाणी घातलं, पानांवर हलकंसं शिंपडलं. ढालकिडे एकेक करून उचलले आणि मिरचीच्या शेतात नेऊन सोडले. फुई बघत होती.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि मांडव पाहून जागीच थांबला. फुई बाजेवर होती, पण त्या वेळी तिने डोळे मिटून घेतले होते आणि घोरण्याचा आवाज काढत होती. ती कधीच घोरत नसे.

"हा मांडव कोणी घातला?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हणाले. "ऊन लागत होतं."

"झाडाला?"

मी मांडवाची एक काठी उगाच सरळ केली.

"की माव्याला?"

मी धोतराचं टोक पकडून उभी राहिले. हसू येत होतं आणि रडूही. मग म्हणाले, "मावा गेला तर तुम्ही कशाला याल?"

बोलून गेल्यावर मला वाटलं, विहीर जवळच आहे. पण तो हसला नाही. त्याने भिंग काढलं, झाडाकडे पाहिलं, भिंग परत खिशात ठेवलं. "खरं सांगू?" तो म्हणाला. "गेल्या पंधरवड्यापासून मी पाहतोय ते मावा नाही." आणि मग एकदम तोंड उजळून, आपल्या बोलीत, "मी तुन्हा बाले विचारू का?"

घोरणं तत्काळ थांबलं. "विचार ना रे!" फुई उठून बसली. "कितला दिन लावशी? माव्याले सुद्धा पंख फुटी गयात!"

वडिलांना यातलं काहीही कळलेलं नव्हतं. संध्याकाळी जेवताना ते स्वतःहूनच म्हणाले, "मावा गया. आते मावासाहेबनं येनं बंद व्हई. चांगला मानूस व्हता." फुईने कपाळावर हात मारून घेतला आणि सगळं सांगितलं. वडील भाकरीचा घास हातात धरून बसून राहिले. माझ्याकडे पाहिलं, फुईकडे पाहिलं, बाहेर झाडावरच्या आपल्या धोतराकडे पाहिलं. "म्हंजे," ते हळूच म्हणाले, "मी गावले सांगस की सरकार वनं, आनि वना कोन तं जवाई!" आणि मग ते जे हसायला लागले, ठसका लागून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

जांभया देणाऱ्या मुलाच्या घरी निरोप गेला. तिकडूनही काही फारसं वाईट वाटल्याचं कळलं नाही. चैत्रात मावासाहेबाचे वडील येऊन बोलणी करून गेले आणि वैशाखात लग्न झालं. भर उन्हाळ्यात. गुलाबावर ना कळी, ना मावा, पानंसुद्धा पिवळी. फुईने अंतरपाटाच्या वेळी माझ्या कानात सांगितलं की तुझा नवरा मंगलाष्टकं चालू असताना हातातल्या विड्याच्या पानाची मागची बाजू उलटून बघत होता.

वरात बैलगाडीने निघाली. वाटेतल्या नदीत पाणी थोडं आणि वाळू अफाट. भर पात्रात पोचलो आणि उन्हातून एक वावटळ भिरभिरत आली. तिने माझ्या नवऱ्याचा नवा जरीचा फेटा डोक्यावरून उचलला आणि उलगडत उलगडत पाण्याकडे नेला. तो गाडीतून उडी टाकून पळाला. वाळूत पाय रुततात, तो पडला, उठला, पुन्हा पळाला. पाठराखीण माझा पदर धरून म्हणाली, तू बस. मला बसवेना. शालू गुडघ्यापर्यंत उचलून मीही उडी टाकली. मागे गाडीवाला ओरडतोय, पुढे फेटा सापासारखा वळवळतोय, आणि आम्ही दोघं नवरा-नवरी मुंडावळ्या उडवीत त्याच्यामागे. फेट्याचं टोक पाण्यात पडलं तिथे मी ते पकडलं आणि पाण्यातच बसले. मग नवरा येऊन माझ्या शेजारी धपकन बसला. दोघांना बोलायला दम नव्हता. पाणी थंड होतं. बैल जवळ येऊन पाणी प्यायला लागले, आणि गाडीवाला म्हणाला, बसा बसा, घाई कोणाला आहे.